पॅनिक डिसऑर्डर: गोळी नेमके काय करते आणि काय करत नाही

अनुबंध

पॅनिक डिसऑर्डर म्हणजे एकाएकी तीव्र भीतीचे झटके येण्याचा आजार. त्यावरच्या गोळ्यांविषयी दोन टोकाची मते सतत ऐकू येतात. पहिले म्हणजे, मेंदूत सेरोटोनिन हे संदेश वाहणारे रसायन कमी पडले आहे आणि गोळीने ते भरून निघेल. दुसरे म्हणजे, या सगळ्या गुंगीच्या गोळ्या आहेत आणि एकदा लागल्या की सुटत नाहीत. मी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही. परंतु ही दोन्ही मते अपुऱ्या माहितीवर उभी आहेत आणि त्या अपुरेपणाची किंमत रुग्णाला मोजावी लागते, असे मला मनापासून वाटते, म्हणून हा धागा काढत आहे. कोणी कोणती गोळी घ्यावी हे येथे ठरणार नाही. ते ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचे आहे.

सुरुवात न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागातल्या हिलसाइड रुग्णालयापासून करावी लागते. १९५९च्या सुमारास डोनाल्ड क्लाइन हे तरुण मनोविकारतज्ज्ञ तेथे इमिप्रामिन या नव्या औषधाचा अभ्यास करत होते. हे औषध नैराश्यावर उपयोगी पडते, असे स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी नुकतेच दाखवून दिले होते. हिलसाइडमध्ये काही रुग्ण असे होते, की ज्यांचा जीव एकाएकी घाबरा होई. ते धावत परिचारिकांच्या टेबलापाशी जात, "मी आता मरणार" असे सांगत, परिचारिका त्यांचा हात धरून थोडा वेळ बोलत बसे आणि मग ती लाट ओसरे. बोलण्याच्या उपचारांनी त्यांना गुण आला नव्हता आणि क्लोरप्रोमाझिन या मनोविकारांवरच्या औषधानेही आला नव्हता. इमिप्रामिन सुरू करून काही आठवडे लोटल्यावर रुग्णाला विचारावे, तर तो म्हणे की काहीही फरक नाही. उपचार करणाऱ्या तज्ज्ञांनाही तसेच वाटत होते. फरक आहे असे ठामपणे सांगितले ते परिचारिकांनी, कारण हा माणूस आता धावत त्यांच्याकडे येत नव्हता.

दोघांचेही म्हणणे खरे होते. झटके थांबले होते, पण झटका पुन्हा येईल ही धास्ती जागच्या जागी होती, त्यामुळे रुग्ण एकटा बाहेर पडायला अजूनही तयार नव्हता आणि स्वतःला आजारीच समजत होता. क्लाइन यांनी १९६२मध्ये मॅक्स फिंक यांच्यासमवेत आणि १९६४मध्ये स्वतंत्रपणे हे निरीक्षण प्रसिद्ध केले. तोवर ज्याला सरसकट चिंताविकार म्हणत, त्यात अचानक येणारा झटका ही एक गोष्ट आणि सतत रेंगाळणारी चिंता ही दुसरी गोष्ट, अशी फाळणी एका औषधाच्या परिणामामुळे झाली. १९८०मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत पॅनिक डिसऑर्डर हे स्वतंत्र निदान म्हणून आले, त्यामागे हे काम होते. पॅनिकवरच्या औषधांविषयी जे सर्वांत महत्त्वाचे आहे ते या एका निरीक्षणात सामावले आहे, असे माझे मत आहे: गोळी झटका थांबवते, झटक्याची धास्ती आपोआप घालवत नाही.

आता मेंदूकडे वळू. छातीत धडधड, श्वास कोंडणे, दरदरून घाम, हातापायांना मुंग्या, चक्कर, आपण वेडे होणार किंवा मरणार असे वाटणे, अशी लक्षणे काही मिनिटांत शिगेला पोहोचतात. ही सारी शरीराची धोक्याशी सामना करण्याची तयारी आहे. फक्त समोर धोका नसतो. ही तयारी घडवणारे भाग मेंदूत खोलवर आहेत. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा लहानसा पुंजका आहे, तो मेंदूभर नॉरॲड्रेनॅलिन हे सावध करणारे रसायन पुरवतो. योहिंबिन नावाचे रसायन त्याला चेतवते आणि पॅनिकच्या अनेक रुग्णांना ते दिल्यावर झटका येतो. त्याच देठात पेरिॲक्वेडक्टल ग्रे नावाचा भाग आहे, जो जिवावर बेतल्यावर पळ काढण्याची आज्ञा देतो. ब्राझीलचे फ्रेडेरिको ग्रेफ आणि इंग्लंडचे बिल डीकिन यांनी १९९१मध्ये अशी मांडणी केली, की सेरोटोनिन या भागाला लगाम घालते. याच्या वर ॲमिग्डाला आहे, जो 'कशाला भ्यायचे' हे शिकतो आणि लक्षात ठेवतो. आणि त्याहून वर कपाळामागचा मेंदू आहे, जो "थांब, हे नुसते धडधडणे आहे" असे सांगू शकतो.

हा झटका प्रयोगशाळेत घडवता येतो, ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. १९६७मध्ये अमेरिकेत पिट्स आणि मॅक्ल्युअर यांनी चिंताविकाराच्या रुग्णांच्या शिरेतून सोडियम लॅक्टेट दिले आणि बहुतेकांना झटका आला. निरोगी माणसांत तसे क्वचितच झाले. पस्तीस टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या हवेचा एकच खोल श्वास घेतला तरी असेच घडते. त्यावरून क्लाइन यांनी १९९३मध्ये असा सिद्धांत मांडला, की मेंदूत गुदमरण्याची सूचना देणारी धोक्याची घंटा असते आणि पॅनिकच्या रुग्णात ती नको तेव्हा वाजते.

यातला मला सर्वांत विचार करायला लावणारा प्रयोग २०१३चा आहे. उर्बाख-विथे नावाच्या दुर्मीळ आजाराने दोन्ही बाजूंचा ॲमिग्डाला नष्ट झालेल्या तीन स्त्रियांना असा श्वास दिला गेला. त्यांतली एक साप-कोळी आणि भीतिदायक चित्रपट यांना अजिबात भीत नसे, म्हणून संशोधकांत प्रसिद्ध होती. तिघींनाही झटका आला. परंतु पुढच्या श्वासाआधी, झटका येऊन गेलेल्या इतर माणसांच्या शरीरात जी धास्तीची चिन्हे दिसली, ती या स्त्रियांत दिसली नाहीत. म्हणजे झटका ॲमिग्डालाशिवायही येऊ शकतो, पण झटक्याची वाट पाहत घाबरून बसण्यात त्याचा मोठा हात असावा. हिलसाइडच्या परिचारिकांनी जे डोळ्यांनी पाहिले होते, त्याला पन्नासेक वर्षांनी मेंदूच्या पातळीवर दुजोरा मिळाला, असे मी याकडे पाहतो.

आज पहिली पसंती इमिप्रामिनला नाही, तर एसएसआरआय (सेरोटोनिन पेशीत परत ओढले जाणे अडवणाऱ्या औषधांच्या) गटाला आहे: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन. पॅनिकसाठी अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळालेले या गटातले पहिले औषध पॅरॉक्सेटिन, १९९६मध्ये. गुण इमिप्रामिनएवढाच, पण तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, हृदयाच्या ठोक्यांवरचा परिणाम हे त्रास पुष्कळच कमी. प्रश्न असतील तर विचारावेत, जमेल तेवढी उत्तरे देतो.

रानजाई

धागा वाचून बरे वाटले, कारण यातला रुग्ण मी आहे. ठाण्याहून दादरला जाणाऱ्या गाडीत मला पहिला झटका आला. गर्दीत हात वर करून कडी धरली होती, तो हात अचानक आपला नाहीच असे वाटू लागले, बोटे वाकडी झाली आणि श्वास पुरेना. हृदयविकारच आहे अशी माझी खात्री पटली होती. ईसीजी, टू डी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सर्व तपासण्या स्वच्छ आल्या, आणि दर वेळी "काही नाही तुम्हाला, मन घट्ट करा" असे ऐकून घरी आले. पुढे एका डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ही चिंता लगेच शमवणारी गोळी दिली. तिने अर्ध्या तासात इतके हलके वाटे, की तीच पुढे कितीतरी काळ चालू राहिली. आता मनोविकारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम सुरू केले आहे आणि अल्प्राझोलाम हळूहळू कमी करायची आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. नवी गोळी सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात मला अधिकच अस्वस्थ वाटले, जणू आजार वाढला, ते का? आणि अल्प्राझोलाम जर एवढी लगेच गुणकारी आहे, तर तीच का घेऊ नये? आणखी एक गोष्ट सांगते. ज्या दिवशी मी गोळी घेत नाही, त्या दिवशीही तिची पट्टी माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असते. ती नसेल तर मी स्टेशनच्या पायऱ्या चढत नाही.

अनुबंध

रानजाईताई, तपासण्या स्वच्छ येणे म्हणजे 'काही नाही' असे नव्हे, हे आधी स्पष्ट करतो. थायरॉइडचा अतिरेक, हृदयाचे ठोके अचानक पळवणारे काही विकार, दमा, रक्तातील साखर उतरणे, रक्तक्षय आणि क्वचित ॲड्रिनल ग्रंथीची गाठ यांतूनही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून त्या तपासण्या आवश्यकच होत्या. परंतु त्या स्वच्छ आल्यावर पॅनिकचे नाव घ्यायला हवे होते. बोटे वाकडी होण्याचे कारण बहुधा वेगाने घेतलेले श्वास हे असावे. श्वास फार वाढला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त किंचित अल्कधर्मी होते, त्यामुळे मोकळ्या कॅल्शियमचे प्रमाण उतरते आणि हाताचे स्नायू आखडतात. त्यात जिवाला धोका नसतो.

आता पहिल्या आठवड्याविषयी. चेतापेशी सेरोटोनिन सोडते आणि मग एका वाहक प्रथिनाच्या मदतीने ते परत आत ओढून घेते. एसएसआरआय हे वाहक प्रथिन अडवतात आणि हे काम पहिल्या काही तासांतच होते. नेहमीच्या डोसला सुमारे ऐंशी टक्के वाहक अडवले जातात, असे मेंदूच्या पेट स्कॅनवर मोजले गेले आहे. मग गुण यायला चार ते सहा आठवडे का लागतात? सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी राफे नावाच्या केंद्रांत असतात आणि त्यांच्या अंगावरच सेरोटोनिन मोजणारे ग्राही (रसायनाचा संदेश झेलणारी प्रथिने) असतात. आजूबाजूला सेरोटोनिन एकदम वाढलेले दिसले की ते ग्राही पेशीला आवरते घ्यायला लावतात. दोन-तीन आठवड्यांत हे ग्राही बधिर होतात, पेशी पुन्हा पूर्ववत काम करू लागते, आणि तेव्हा कुठे लगाम घालणाऱ्या भागांपर्यंत सेरोटोनिनचा वाढीव पुरवठा टिकून राहतो. त्याच्याही पुढे चेतापेशींच्या जोडण्यांत जे सावकाश बदल होतात, त्यांना वेळ लागतोच.

हा मधला काळ पॅनिकच्या रुग्णाला विशेष जड जातो, कारण हात थरथरणे, पोटात ढवळणे, झोप उडणे हे गोळीचे सुरुवातीचे परिणाम हुबेहूब झटक्याच्या पूर्वसूचनेसारखे वाटतात आणि या आजारात शरीराच्या हालचालींवर आधीच बारीक नजर असते. म्हणून पॅनिकमध्ये सुरुवात नैराश्याच्या निम्म्या डोसने करतात: एस्सिटालोप्राम पाच मिलिग्रॅम, सर्ट्रालिन पंचवीस. "ही गोळी मला सोसत नाही" म्हणून पहिल्या दहा दिवसांत औषध सोडून देणारे जितके रुग्ण असतात, त्यांतल्या अनेकांना हे आधी नीट सांगितले असते तर ते टिकले असते.

अल्प्राझोलामचे काम निराळे आहे. गाबा हे मेंदूतले मुख्य शमन करणारे रसायन. त्याच्या ग्राहीवर बेन्झोडायझेपिन गटाची औषधे (अल्प्राझोलाम त्यांतलेच) बसण्याची स्वतंत्र जागा आहे, हे १९७७मध्ये सापडले. औषध तेथे बसले की गाबाचा प्रत्येक संदेश अधिक जोरकस होतो, पेशीत क्लोराइड अधिक वेळा शिरते आणि पेशी शांत होते. नवे काही घडवायचे नसल्याने परिणाम मिनिटांत जाणवतो. अमेरिकेत पॅनिकसाठी अधिकृत मान्यता मिळवणारे पहिले औषध अल्प्राझोलामच होते, १९९०मध्ये. तेव्हा ते निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. पण त्याचे अर्धायुष्य (शरीरातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ) साधारण अकरा-बारा तासांचे असते. परिणाम उतरला की अस्वस्थता डोके वर काढते, रुग्णाला वाटते आजार उफाळला, आणि तो पुढची गोळी घेतो. रोज घेत राहिल्यास ग्राही त्या आधाराला सरावतात, आणि मग औषध एकदम बंद केले तर चिंता, निद्रानाश, कंप आणि काही रुग्णांत चक्क आकडीही येऊ शकते. म्हणून ती गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांनी आखून दिलेल्या छोट्या टप्प्यांनीच उतरा. कधी कधी डॉक्टर आधी त्याच गटातल्या क्लोनाझेपामवर नेतात, कारण तिचे अर्धायुष्य तीस-चाळीस तासांचे असल्याने उतार सौम्य होतो. या गोळ्यांवर असताना मद्य पूर्ण वर्ज्य. दोन्ही मिळून श्वसनावर दाब येतो.

पर्समधल्या पट्टीबद्दल नंतर सविस्तर लिहितो, तो प्रश्न सर्वांत मोलाचा आहे.

मिरजेचा औषधवाला

माझे औषधांचे दुकान आहे, त्यामुळे काउंटरच्या अलीकडून जे दिसते ते लिहितो. अल्प्राझोलाम आणि डायझेपाम २०१४पासून एच-वन या अनुसूचीत, म्हणजे विक्रीवर कडक बंधने असलेल्या औषधांच्या यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत, आणि दिली की डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव व किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. तरीही दोन वर्षांपूर्वीची, घड्यांवर विरलेली चिठ्ठी घेऊन माणसे येतात, कोणी शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर मागतात, आणि नाही म्हटले की रागावतात. त्या रागामागे पुष्कळदा हाताला कंप दिसतो, म्हणून मला त्यांचा राग येत नाही.

दुसरी गोष्ट जोडगोळ्यांची. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेले पुष्कळ ब्रँड आपल्याकडे खपतात. रुग्णाला आपण दोन औषधे घेत आहोत याची कल्पनाच नसते. क्लोनाझेपाम काही आठवड्यांनी कमी करायची असते आणि एस्सिटालोप्राम चालू ठेवायचे असते, पण एकत्र गोळीत एकाला हात न लावता दुसरे कमी करता येत नाही. बरे वाटले म्हणून गोळी थांबवली, की दोन्ही एकदम बंद होतात. आपल्या पट्टीवरची बारीक अक्षरे एकदा वाचा, एवढे मी प्रत्येकाला सांगतो.

तळटीप

अनुबंध, आपण परिश्रमपूर्वक लिहिले आहे, तरी एक शंका राहते. २०२२मध्ये जोआना मोनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी एक मोठा आढावा प्रसिद्ध केला आणि सेरोटोनिनच्या कमतरतेचा पुरावा सापडत नाही असे सांगितले. तसे असेल तर सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या कशाच्या बळावर द्यायच्या? त्यापेक्षा प्राणायाम शिकवला तर अपाय तरी नाही.

अनुबंध

तळटीप, तो आढावा नैराश्याविषयी होता, पॅनिकविषयी नव्हता. त्यातल्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे: कमतरता आहे आणि गोळी ती भरून काढते, हे चित्र चुकीचे आहे आणि डॉक्टरांनी ते वापरणे थांबवावे. पॅनिकच्या रुग्णाचे रक्त तपासून 'सेरोटोनिन इतके कमी' असे सांगणारी कोणतीही चाचणी नाही. कोणी अशी चाचणी विकत असेल तर पैसे वाया घालवू नका. पण औषध उपयोगी पडण्यासाठी त्या रसायनाची आधी कमतरता असलीच पाहिजे, असा नियम नाही. लगाम मुळात सैल नसतानाही तो अधिक आवळून घोडा आवरता येतो.

हा लगाम खरोखर सेरोटोनिनचाच आहे का, हे तपासणारा एक नेटका प्रयोग ब्रिस्टलमध्ये झाला. डेव्हिड नट यांच्या गटाने १९९०मध्ये दाखवले होते, की फ्लुमाझेनिल हे बेन्झोडायझेपिनच्या जागेवर बसून तिचा परिणाम खोडणारे औषध पॅनिकच्या रुग्णांना दिले, तर त्यांना झटका येतो आणि निरोगी माणसांना येत नाही. २००२मध्ये त्याच गटाने पॅरॉक्सेटिनने बरे झालेले रुग्ण घेतले. सेरोटोनिन ज्यापासून बनते ते ट्रिप्टोफॅन नसलेले पेय देऊन त्यांच्या शरीरातले ट्रिप्टोफॅन तात्पुरते उतरवले आणि मग फ्लुमाझेनिल दिले. ट्रिप्टोफॅन उतरवलेल्या दिवशी झटक्याची लक्षणे अधिक आली. म्हणजे औषधाने बरे झालेल्या रुग्णात झटका दाबून धरण्याचे काम सेरोटोनिन करत होते. या प्रयोगातून आजाराचे मूळ कारण कळत नाही, पण गोळी कशाच्या बळावर काम करते याचे बऱ्यापैकी थेट उत्तर मिळते.

प्राणायामाबद्दल आदर ठेवून लिहितो. संथ, लांब उच्छ्वासाचा श्वसनाभ्यास अनेकांना उपयोगी पडतो. परंतु भस्त्रिका किंवा जलद कपालभाती यांत श्वासाचा वेग वाढतो, कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि ज्याला पॅनिक आहे त्याला चक्कर, मुंग्या व धडधड होऊन नेमका झटकाच आल्यासारखे होऊ शकते. "योगाने माझे वाढले" असे सांगणाऱ्या रुग्णाला खोटे ठरवू नये. अपाय नाही, हे म्हणून सरसकट खरे नाही.

मंदाकिनी

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, अभियांत्रिकीला आहे आणि वसतिगृहात राहतो. परीक्षेच्या सभागृहात झटका आला तेव्हापासून तो वर्गात शेवटच्या बाकावर, दाराशीच बसतो. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम लिहून दिले आहे. त्यासोबतच्या कागदावर चोवीस वर्षांपर्यंतच्या मुलांत आत्महत्येच्या विचारांचा धोका छापलेला पाहून माझे हातपाय गळाले. त्याचे वडील म्हणतात, गोळीच नको. आणि ही आयुष्यभर घ्यावी लागते का, हाही प्रश्न आहेच.

अनुबंध

मंदाकिनीताई, तो इशारा खरा आहे आणि तो वाचून घाबरणे स्वाभाविक आहे. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४मध्ये मुलांसाठी तो लावला आणि २००७मध्ये चोवीस वर्षांपर्यंत वाढवला. औषधांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर या वयात आत्महत्येचे विचार व तसे वागणे थोडे अधिक आढळले. त्या मुलांच्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. याचा अर्थ औषध देऊ नये असा नाही, तर पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस बदलताना मुलाकडे लक्ष असावे असा आहे. त्या दिवसांत तो शक्यतो घरी किंवा जवळच्या माणसासोबत असावा, रोज बोलणे व्हावे, आणि एकाएकी बेचैनी, चिडचिड, अजिबात झोप न येणे किंवा निराशेची भाषा दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे.

आयुष्यभर घ्यावी लागतेच असे नाही. झटके थांबल्यावर साधारण वर्षभर गोळी चालू ठेवून मग सावकाश उतरवतात. एसएसआरआयची नशा होत नाही किंवा डोस वाढवत नेण्याची ओढ लागत नाही, पण एकदम बंद केल्यास चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे वाटणे असे त्रास होतात. पॅरॉक्सेटिन आणि (एसएसआरआयशी मिळत्याजुळत्या गटातल्या) व्हेन्लाफॅक्सिनने अधिक, फ्लुऑक्सेटिनने कमी, कारण ते शरीरात फार काळ रेंगाळते. हे त्रास आजार परतला म्हणून नसतात, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. लैंगिक इच्छा आणि क्षमता यांवर होणारा परिणामही डॉक्टरांनी त्याला एकट्याला भेटून सांगायला हवा. त्या एका कारणाने तरुण मुले गुपचूप गोळी सोडतात.

सदाफुली

माझे वडील बहात्तर वर्षांचे आहेत, रक्तदाबासाठी पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी घेतात. त्यांनाही पॅनिकसाठी हीच औषधे चालतील का?

अनुबंध

चालतात, पण या वयात एसएसआरआयमुळे रक्तातील सोडियम उतरू शकते आणि पाण्याच्या गोळीसोबत तो धोका वाढतो. पहिल्या महिन्यात सोडियम तपासून घ्यावे. गोंधळल्यासारखे वागणे, तोल जाणे दिसले तर लगेच. एस्सिटालोप्रामचा डोस या वयात दहा मिलिग्रॅमपुढे सहसा नेत नाहीत आणि गरज वाटल्यास ईसीजी काढतात. ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक चालू असेल तर तेही सांगा, कारण एकत्र घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. बेन्झोडायझेपिन ज्येष्ठांत शक्यतो टाळतात, कारण रात्री उठताना पडून खुब्याचे हाड मोडणे हा धोका खरा आहे.

आता रानजाईताईंच्या पर्सकडे आणि मंदाकिनीताईंच्या मुलाच्या शेवटच्या बाकाकडे येतो, कारण ती एकच गोष्ट आहे. इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६मध्ये मांडले, की पॅनिकचा रुग्ण शरीरातल्या साध्या संवेदनेचा अर्थ 'सर्वनाश' असा लावतो, त्याने भीती वाढते, भीतीने संवेदना वाढते, आणि हे चक्र काही क्षणांत शिगेला जाते. दाराशी बसले म्हणून वाचलो, पट्टी जवळ होती म्हणून वाचलो, असे वाटत राहिले की 'धडधडीने काही होत नाही' हे शिकण्याची संधी मेंदूला मिळतच नाही. एसएसआरआयने झटके थांबल्यावरही ही शिकवण बाकी राहते. ती मिळते वर्तनाच्या उपचारांत: जागेवर पळून, गोल फिरून, मुद्दाम जलद श्वास घेऊन त्या संवेदना थेरपिस्टच्या समोर अनुभवायच्या आणि मग टाळलेल्या जागी पायरीपायरीने जायचे.

२०००मध्ये डेव्हिड बार्लो आणि सहकाऱ्यांनी ३१२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना इमिप्रामिन, काहींना असा वर्तनोपचार, काहींना दोन्ही, काहींना नुसती साखरेची गोळी. उपचार चालू असताना औषध आणि वर्तनोपचार दोन्ही साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरले. सर्व उपचार थांबवून सहा महिने लोटल्यावर मात्र ज्यांनी वर्तनोपचार औषधाविना घेतला होता त्यांचा गुण अधिक टिकला. औषधासोबत घेतलेल्यांत आजार परतण्याचे प्रमाण अधिक होते. अल्प्राझोलामबाबत लंडन आणि टोरोंटो येथील १९९३च्या अभ्यासात हेच अधिक ठळकपणे दिसले. यावरून औषध नको असा निष्कर्ष मी काढत नाही. ज्याला घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, त्याला थेरपिस्टपर्यंत पोहोचवण्याचे काम अनेकदा गोळीच करते, आणि आपल्या तालुक्याच्या गावांत प्रशिक्षित थेरपिस्ट मिळणे किती कठीण आहे हे मला माहीत आहे. पण गोळी सुरू करतानाच पुढच्या कामाची तारीख ठरवायला हवी, आणि ते काम गोळी उतरवत असताना व उतरल्यानंतरही चालू राहायला हवे, म्हणजे "मी बरा झालो ते गोळीमुळे" एवढाच धडा मेंदूत उरत नाही.

रानजाई

हे वाचून मी माझ्या डॉक्टरांना विचारले. अल्प्राझोलाम उतरवण्याचा तक्ता त्यांनी तयार केलाच होता. आता त्यासोबत थेरपिस्टकडे सत्रेही ठरली आहेत. पहिल्या सत्रात मला खुर्चीवर गोल फिरायला लावले. चक्कर आली, छाती धडधडली, मी पर्सकडे हात नेला, आणि थेरपिस्टताईंनी पर्स टेबलाच्या पलीकडे ठेवायला सांगितली. पुढच्या टप्प्यात पट्टी घरी ठेवून एक स्टेशन जायचे आहे. ते गर्दीच्या वेळी करू की दुपारी?

अनुबंध

हे तुमच्या थेरपिस्टने ठरवायचे, पण सर्वसाधारण रीत सांगतो: जमेल पण सोपे वाटणार नाही अशा वेळेपासून सुरुवात करतात, म्हणजे बहुधा दुपार, आणि भीती ओसरण्याआधी गाडीतून उतरायचे नाही. ज्या आठवड्यात अल्प्राझोलामचा टप्पा कमी केला असेल, त्या आठवड्यात नवी पायरी घ्यायची की नाही हे दोघांनाही एकत्र विचारा. थेरपिस्ट आणि डॉक्टर यांचे आपसांत बोलणे झालेले असावे. त्या दिवशी चहा-कॉफी नेहमीपेक्षा अधिक घेऊ नका, कारण कॅफिन पॅनिकच्या रुग्णाला अधिक झोंबते.

मिरजेचा औषधवाला

ताई, एक व्यवहाराची गोष्ट. उतरण्याच्या तक्त्यात पाव मिलिग्रॅमच्या गोळ्या लागतात आणि त्या प्रत्येक दुकानात ठेवलेल्या नसतात. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर संपूर्ण तक्ता लिहून घ्या आणि एकाच दुकानात आधी कळवून ठेवा, म्हणजे "अर्ध्याच्या आहेत, तोडून घ्या" असे ऐकावे लागणार नाही.